धरणाच्या काठाला राखणदार हवा, विकासक नको

कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या परिसरात ‘नवीन महाबळेश्वर’ उभारायचे ठरले, तेव्हा राज्य शासनाने तिथल्या 235 गावांसाठी रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण, म्हणजे विकास आराखडा करणारी आणि बांधकाम परवानगी देणारी संस्था, म्हणून नेमले. पुण्याच्या उशाशी असलेल्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांच्या काठाबद्दलही असा प्रस्ताव आज ना उद्या येणारच. तो आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा, असे प्राधिकरण कसे असावे याबद्दल शहराने आणि काठावरच्या गावांनी आधीच मत पक्के केलेले बरे. आमचे मत सरळ आहे. प्राधिकरण हवेच. पण जमीन विकून, चटईक्षेत्र वाटून पैसा उभा करणारे प्राधिकरण नको. त्याचा खर्च पाणी वापरणाऱ्यांच्या पैशातून चालला पाहिजे. बाकी सगळ्या अटी या एका अटीच्या मागून येतात.

आधी पाण्याचा हिशेब पाहू. चार धरणांची उपयुक्त साठवण मिळून 29.15 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे: वरसगाव 12.82, पानशेत 10.65, टेमघर 3.71 आणि खडकवासला जेमतेम 1.97. सगळ्यात लहान धरण खडकवासला, पण वरच्या तिन्ही धरणांचे पाणी आंबी, मोसे आणि मुठा या नद्यांतून सांगरूणजवळ एकत्र येते आणि याच धरणातून पुढे जाते. शहराचे पिण्याचे पाणी इथूनच उचलले जाते आणि दौंड-इंदापूरकडे जाणारा 202 किलोमीटरचा उजवा कालवाही इथूनच निघतो. पानशेतच्या वरच्या अंगाला एखादी चूक झाली तर पाणी शहरापर्यंत पोचेस्तोवर काही दिवस, काही किलोमीटर हाताशी असतात. खडकवासल्याच्या काठावरच्या डोणजे, गोऱ्हे, खानापूर, मालखेड, कुडजे या पट्ट्यात चूक झाली तर मधे काहीच नसते. ओढ्यातून आलेले सांडपाणी थेट त्याच पाण्यात मिसळते जे जलशुद्धीकरण केंद्राकडे निघालेले असते.

दुसरा हिशेब पुराचा. तो सहसा कुणी मांडत नाही, म्हणून जरा थांबून पाहू. 25 जुलै 2024 रोजी सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्यात गेली, त्या पहाटे खडकवासल्यातून 35 हजार क्युसेकहून अधिक विसर्ग सुरू होता. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी आणि एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. 35 हजार क्युसेकने पाणी येत राहिले तर एक टीएमसी भरायला आठ तास लागतात आणि पूर्ण रिकामे खडकवासला धरण सोळा तासांत काठोकाठ होते. जुलैअखेरीस ते रिकामे नसतेच. म्हणजे हे धरण पूर थोपवून धरू शकत नाही, आलेला पूर फार तर काही तास लांबवते. त्यात वरची धरणे पूर्ण भरलेली नसली तरी मधल्या मोकळ्या पाणलोटातले पाणी कुणाच्याही दाराशिवाय खाली येते. या मोकळ्या पाणलोटात डोंगर कापून रस्ते केले, अंगणे काँक्रीटची केली, की मुरणारे पाणी वाहू लागते आणि लोंढा आधीपेक्षा लवकर येतो. काठावर भराव टाकून जलाशयात दहा-वीस गुंठे पुढे सरकलेला प्रत्येक जण या आठ तासांतली काही मिनिटे खातो. डोणजे-गोऱ्ह्यातली बांधकाम परवानगी हा त्या अर्थाने एकतानगरीच्या तळमजल्याचाही प्रश्न आहे. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटले आणि पाठोपाठ खडकवासला गेले. ते पाहिलेल्या शहराला हे वेगळे सांगायला नको.

आज हा काठ कुणाच्या ताब्यात आहे? संपादित जमीन आणि पाणी जलसंपदा विभागाचे. वरची टेकडी वन विभागाची. एका बाजूला एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, संरक्षण खात्याची हद्द. तिथे बांधकामाला वाव नसल्याने तो काठ आजही झाडीने भरलेला आहे आणि समोरचा काठ पाहिला की फरक कळायला अभ्यास लागत नाही. खडकवासला, नांदेड, किरकटवाडी ही गावे 2021 पासून महापालिकेत आली. त्यापुढच्या गावांची बांधकाम परवानगी पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे), कचरा ग्रामपंचायतीकडे, रस्ता सार्वजनिक बांधकाम किंवा जिल्हा परिषदेकडे, सांडपाण्याची नोटीस प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. रविवारी खडकवासला चौपाटीवर जी कोंडी होते ती पोलिसांकडे. प्रत्येकाकडे एक तुकडा आहे आणि ओढा या सगळ्या तुकड्यांतून वाहतो. त्या ओढ्याचा मालक कोण, याचे उत्तर कागदावर सापडत नाही.

अधिकाराचे असे तुकडे पडले की काय होते, हे जिल्ह्याने अलीकडेच दोनदा भोगले. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात पुण्याहून गेलेल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. 15 जून 2025 ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला आणि चार जण गेले. दोन्ही वेळा पहिले काही दिवस जबाबदारी कुणाची यावरच चर्चा झाली. जानेवारी 2025 मध्ये नांदेड-किरकटवाडी-धायरी पट्ट्यात गुलेन बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि संशय दूषित पाण्यावर गेला. हा भाग धरणाच्या खालचा आहे हे खरे. पण वस्ती आधी आणि नळ-गटार नंतर, हा जो क्रम तिथे चालला, तोच आता धरणाच्या वर सरकतो आहे.

यावर लगेच विचारले जाते, पीएमआरडीए आहे की, आणखी एक कार्यालय कशाला? प्रश्न रास्त आहे. पीएमआरडीए 2015 मध्ये स्थापन झाली. तिचे क्षेत्र हजारो चौरस किलोमीटरचे, शेकडो गावांचे. रिंग रोड, हिंजवडीची मेट्रो, नगररचना योजना हे तिचे काम. तिने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रारूप विकास आराखड्यावर हजारो हरकती आल्या, सुनावण्या झाल्या आणि शेवटी शासनाने तो आराखडाच रद्द केला. एवढ्या पसाऱ्यात सांगरूणच्या ओढ्यातल्या कोलिफॉर्म, म्हणजे मैल्याची खूण देणाऱ्या, जिवाणूंची मोजणी कुणाच्या टेबलावर येणार? पीएमआरडीएचा पैसा विकास शुल्कातून, प्रीमियममधून आणि जमिनीच्या लिलावातून येतो. बांधकाम वाढले की तिजोरी भरते. अशा संस्थेला बांधकाम रोखायला सांगणे म्हणजे तिला स्वतःचे उत्पन्न रोखायला सांगणे.

याच कारणासाठी नुसते महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याचे कलम 40 लावून विशेष नियोजन प्राधिकरण नेमले तर भागणार नाही. त्या कलमाने आराखडा करण्याचे आणि परवानगी देण्याचे अधिकार मिळतात. मैलापाणी गोळा करण्याची, ओढ्याचे पाणी तपासण्याची, गाळ मोजण्याची जबाबदारी त्यातून येत नाही. वरसगावच्या काठावर याचा पुरेपूर अनुभव आला आहे. 1996 च्या गिरिस्थान नियमावलीखाली लवासा हे खासगी गिरिनगर सुरू झाले. कृष्णा खोरे विकास महामंडळाची, म्हणजे धरणासाठी सार्वजनिक कामाच्या नावाने घेतलेली, सुमारे 141 हेक्टर जमीन भाडेपट्ट्याने त्या प्रकल्पाला गेली. 2008 मध्ये विशेष नियोजन प्राधिकरणाचे अधिकार चक्क त्याच खासगी कंपनीला मिळाले. बांधणारा आणि परवानगी देणारा एकच. नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची नोटीस आली, वर्षभराने अटींसह मंजुरी मिळाली, 2017 मध्ये राज्याने प्राधिकरणाचा दर्जा काढून घेतला आणि 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. डोंगर कापून झाले होते, रस्ते झाले होते. आता त्या गावांतल्या लोकांच्या सांडपाण्याची आणि रस्त्यांची जबाबदारी पुन्हा सार्वजनिक यंत्रणेच्या गळ्यात आहे.

संस्था सरकारी असली म्हणजे सगळे आपोआप ठीक होते असेही नाही. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण 1972 मध्ये स्थापन झाले. शेतकऱ्यांची जमीन घेतली गेली आणि साडेबारा टक्के जमीन परत मिळावी म्हणून मूळ मालकांच्या पुढच्या पिढ्या खेटे घालत राहिल्या. संपादित जमिनीवर हजारो अनधिकृत घरे उभी राहिली, कारण संस्थेला जमीन घ्यायची घाई होती आणि राखायला माणसे नव्हती. 2021 मध्ये ते विसर्जित होऊन पीएमआरडीएत गेले. पन्नास वर्षांच्या त्या अनुभवावरून आम्ही एवढेच म्हणतो की धरणाच्या काठी भूसंपादनाचा अधिकार कमीत कमी असावा आणि जो असेल तो फक्त मैलाशुद्धीकरण केंद्र, पंपघर आणि झाडीच्या पट्ट्यापुरता.

आता प्रत्यक्ष काम काय, ते पाहू. या परिसरातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न शोषखड्ड्यांचा आहे. फार्महाऊस असो की पंचवीस खोल्यांचे रिसॉर्ट, नकाशात सेप्टिक टँक आणि शोषखड्डा दाखवला की परवानगी मिळते. सपाट, खोल मातीच्या गावात हे चालते. इथे वर हात-दोन हात माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. उन्हाळ्यात खड्डा नीट काम करतो. मुरमाच्या फटीतून पाणी उतरते. जुलैत मात्र डोंगराचे पाझर त्याच मुरमातून वाहू लागतात. भूजल खड्ड्याच्या तळाशी, मग अर्ध्यावर, मग तोंडापर्यंत येते. शोषायला जागाच उरत नाही, आणि टाकीतले पाणी पाषाणाच्या माथ्यावरून आडवे सरकून पंधरा-वीस मीटर खालच्या ओढ्याच्या काठाला झऱ्यासारखे फुटते. वरून पाहणाऱ्याला तो निर्मळ झराच वाटतो. त्यात भर म्हणजे सेप्टिक टँकमधला गाळ दर दोन-तीन वर्षांनी उपसायचा असतो. तो बहुतेक ठिकाणी कधीच उपसला जात नाही, आणि उपसला तर टँकर तो कुठे रिकामा करतो हे कुणी विचारत नाही.

आकडा छोटा वाटतो, पण साठत जातो. माणशी रोजचा वापर 135 लिटर धरला तर त्यातले सुमारे 80 टक्के, म्हणजे 108 लिटर, सांडपाणी होते. दहा हजार माणसांची भर पडली की रोज अकरा लाख लिटर मैलापाणी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत फक्त निर्जंतुकीकरण करून पिता येईल अशा स्रोतात 100 मिलिलिटरमागे कोलिफॉर्म 50 किंवा त्याहून कमी लागतात. पूर्ण शुद्धीकरण करून प्यायच्या पाण्याला ही मर्यादा 5,000 आहे. आपला स्रोत पहिल्या वर्गाकडून दुसऱ्याकडे आणि तिथून खाली घसरू द्यायचा, आणि मग शहरात क्लोरीन वाढवायचे, हा मार्ग महाग तर आहेच, शिवाय सेंद्रिय घाण जास्त असलेल्या पाण्यात क्लोरीन टाकले की ट्रायहॅलोमिथेनसारखी घातक संयुगे तयार होतात. फॉस्फरस आणि नायट्रेट वाढले की शेवाळ आणि जलपर्णी. पवना आणि इंद्रायणीच्या पात्रात जलपर्णी काढण्यावर दरवर्षी काय खर्च होतो हे पिंपरी-चिंचवडकरांना विचारा.

म्हणून प्राधिकरणाचा पहिला नियम असा हवा: मैलावाहिनी आधी, परवानगी नंतर. ज्या गावात नळी आणि केंद्र चालू झालेले नाही तिथे गावठाणातल्या स्थानिकांच्या घराखेरीज नवे बांधकाम नाही. दुसरा नियम उताराचा. पुण्यात 1:5 पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम नाही हा नियम सगळ्यांच्या परिचयाचा आहे. इथे तो बांधकामासोबत खासगी रस्त्यांच्या कटाईलाही लागू करावा, कारण गाळ घरातून येत नाही, रस्त्याच्या उघड्या मुरमातून येतो. तिसरा नियम पट्ट्याचा. पूर्ण संचय पातळीपासून, म्हणजे धरण काठोकाठ भरल्यावरच्या पाण्याच्या रेषेपासून, आडव्या अंतराने पहिले 200 मीटर झाडी, गवत आणि पायवाटेशिवाय काही नाही. त्यापुढे 500 मीटरपर्यंत शेती आणि गावठाण. अंतर मोजताना ओढ्यांचे काठही जलाशयाचाच भाग धरायचे, नाहीतर काठ सोडून सगळे रिसॉर्ट ओढ्यावर जाऊन बसतील.

आता पैशाचे, कारण खरी लढाई तिथेच आहे. शहर वर्षाला 18 टीएमसी पाणी घेते असे धरू. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,831 कोटी लिटर. 18 टीएमसी म्हणजे जवळपास 51 कोटी घनमीटर. हजार लिटरमागे एक रुपया पाणलोट उपकर लावला तर वर्षाला 51 कोटी रुपये जमतात. चौघांच्या घराला 135 लिटरच्या हिशेबाने वर्षाचे 197 रुपये, महिन्याला सोळा-सतरा रुपये पडतात. एवढ्यात गावोगावची छोटी केंद्रे चालवता येतात, टाक्या उपसणारे टँकर ठेवता येतात, पहारेकरी आणि प्रयोगशाळा ठेवता येते. न्यूयॉर्क शहराने 1997 मध्ये कॅट्सकिल खोऱ्यातल्या गावांशी करार केला तो याच तत्त्वावर. शहराच्या पाणीपट्टीतून वरच्या गावांतल्या सेप्टिक टाक्या दुरुस्त केल्या, मैलाशुद्धीकरण सुधारले, विकायला तयार असलेल्यांकडूनच जमीन घेतली; बदल्यात त्या पाण्यासाठी प्रचंड खर्चाचे गाळणी केंद्र बांधायची वेळ टळली. तिथला पाऊस, जमीन आणि कायदा वेगळा आहे, पण पैसा कुठून कुठे वाहायला हवा हे त्यातून नीट समजते.

पैसा वर वाहायला हवा याला न्यायाचेही कारण आहे. या धरणांसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतले कित्येक विस्थापित झाले, जे काठावर राहिले त्यांनी शहराला पाणी जाताना पाहिले आणि स्वतः उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली. 9 ऑगस्ट 2011 ला पवना धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडला नेणाऱ्या बंद जलवाहिनीविरुद्ध मावळातल्या बऊरला आंदोलन झाले आणि गोळीबारात तीन शेतकऱ्यांचे जीव गेले. त्या संतापामागे हीच भावना होती. मुळशीकरांनी तर शंभर वर्षांपूर्वी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. काठावरच्या माणसाला ‘तू बांधू नकोस, शहराला स्वच्छ पाणी हवे’ एवढेच सांगणारे प्राधिकरण टिकणार नाही, आणि टिकूही नये. त्याच्या मंडळावर ग्रामपंचायतींचे आणि धरणग्रस्तांचे मिळून निम्मे सदस्य हवेत. बांधकाम परवानगीचे उत्पन्न गेल्याची भरपाई ग्रामपंचायतीला उपकरातून दरवर्षी ठरलेल्या तारखेला मिळायला हवी, अनुदान म्हणून मागायला लागता कामा नये.

रोजगाराचीही सोय नेमकी सांगता येते. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन एक सालाच्या कराराने मूळ जमीनमालकांच्या वारसांनाच द्यावी, रासायनिक खत आणि फवारणी न करण्याच्या अटीवर. त्या अटीने उत्पन्नात येणारी घट उपकरातून भरून द्यावी. गावठाणातल्या घरात चार खोल्यांपर्यंत निवास चालवायला परवाना सोपा ठेवावा आणि त्याहून मोठ्या हॉटेलाला बंदी. रविवारच्या गाड्या धरणाच्या भिंतीपाशी न आणता खाली वाहनतळावर थांबवून पुढे बस चालवावी आणि वाहनतळाचे शुल्क गावाला द्यावे. अशी बस फक्त घोषणेवर चालत नाही: सिंहगडावर मे 2022 मध्ये सुरू केलेली इलेक्ट्रिक बससेवा काही आठवड्यांतच थांबवावी लागली, कारण सुट्टीच्या दिवसाची गर्दी, घाटाचा चढ आणि चार्जिंगची सोय यांचा मेळ आधी घातला नव्हता. कणीस-भजीच्या गाड्या हटवण्याची कारवाई वर्षातून दोन-तीनदा होते आणि पुढच्या शनिवारी गाड्या परत येतात. त्यांना पाण्यापासून दूर, कचऱ्याच्या आणि स्वच्छतागृहाच्या सोयीसह ठरलेली जागा दिली तर तीच माणसे काठाचे पहारेकरी होतील.

सगळ्यात मोठा धोका मात्र घोषणेच्या क्षणी आहे. ‘प्राधिकरण येणार’ अशी बातमी फुटली की एजंट गावात उतरतात, ‘लेक व्ह्यू’ची पाटी लागते, डोंगराला पोकलेन लागते आणि आराखडा येईस्तोवर सगळे ‘आधीपासूनच होते’ असे होऊन बसते. त्यात जुन्या संपादनाचा घोळ. कित्येक ठिकाणी मोबदला दिला गेला, पण फेरफार झाला नाही; सातबारावर मूळ नाव तसेच राहिले आणि पुढच्या पिढीने ती जमीन सरकारची आहे हे माहीत नसताना किंवा असतानाही विकली. घेणाऱ्याने भराव टाकला, भिंत घातली. हे निस्तरायचे तर आराखड्याच्या आधी मोजणी हवी.

मोजणीसाठी वर्षातले दोन काळ सोयीचे आहेत. सप्टेंबरअखेर धरण काठोकाठ भरते, तेव्हा पूर्ण संचय पातळीची रेषा पाणीच आखून देते. त्या दिवसात ड्रोनने चारही जलाशयांचे चित्रण करायचे. मे महिन्यात पाणी तळाला गेले की त्या रेषेच्या आतले भराव, भिंती आणि चोरून सोडलेल्या नळ्या उघड्या पडतात. तेव्हा दुसरे चित्रण. दोन्ही नकाशे गावनकाशावर बसवून, संपादनाच्या निवाड्यांशी ताडून, फेरफार पूर्ण करायचे आणि दर पन्नास मीटरवर क्रमांकाचा दगड रोवायचा. प्राधिकरणाची अधिसूचना निघेल तेव्हा तिच्यात या चित्रणाची तारीख हीच अंतिम तारीख असे लिहिलेले हवे. एवढ्या कामाला नवा कायदा लागत नाही. जलसंपदा आणि भूमी अभिलेख या दोन खात्यांकडे त्याचे अधिकार आजही आहेत, आणि पहिले उड्डाण याच सप्टेंबरमध्ये करता येईल.